जर्सीवरचं पुणे



विषय पुण्याचा आणि व्याख्यान यवतमाळच्या लोहाऱ्यात, हे पाहून काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. पडू द्या. ज्या गावाच्या नावाचा व्यावसायिक संघ कधी निघालाच नाही, तिथे बुडालेल्या संघांबद्दल मोकळेपणाने बोलता येतं. पुण्यात हेच भाषण ठेवलं तर अर्धा वेळ गहुंजेच्या स्टेडियमच्या पार्किंगवर जाईल.

सुरुवात मात्र पुण्यापासूनही लांबून करावी लागेल. सॉफ्टबॉल इथल्या पोरांना नवा नाही. शाळेच्या मैदानावर तो खेळला जातो. वाढीव गुण आणि नोकरीतलं पाच टक्के क्रीडा आरक्षण यांच्या हिशेबात पालकही त्याचं नाव घेतात. पण सॉफ्टबॉल खेळून कुणी पगार घेतला, असं इथे ऐकिवात नाही. अमेरिकेत तसं घडलं होतं. हा खेळ तिथे १८८७ साली शिकागोच्या एका बोट क्लबात जन्मला. मुष्टियुद्धाचा हातमोजा दोरीने आवळून त्याचा चेंडू केला आणि झाडूच्या दांड्याची बॅट. पुढची नव्वद वर्षं तो कारखान्यांतल्या कामगारांचा संध्याकाळचा खेळ राहिला. १९७७ साली त्यातल्या संथ चेंडूच्या प्रकाराची पुरुषांची व्यावसायिक लीग निघाली आणि डेट्रॉइट या मोटारींच्या शहराला ‘सीझर्स’ नावाचा संघ मिळाला. मालक होते माइक इलिच, पिझ्झाची दुकानं चालवणारे. त्यांनी बेसबॉलमधून निवृत्त झालेले नॉर्म कॅश आणि जिम नॉर्थरप यांना उतरवलं. १९६८ साली डेट्रॉइटला बेसबॉलचं जगज्जेतेपद मिळालं, त्या संघातली ही माणसं. सीझर्सने १९७७चं विजेतेपद घेतलं, १९७८चंही घेतलं. १९७९नंतर संघ बंद.

क्लीव्हलंडच्या संघाची गोष्ट याहून रंगतदार आहे. तिथले मालक टेड स्टेपियन यांनी १९८० साली प्रसिद्धीसाठी शहरातल्या सर्वांत उंच इमारतीवरून सॉफ्टबॉल खाली सोडले. खाली खेळाडूंनी ते झेलायचे, अशी कल्पना. एक चेंडू मोटारीवर आदळला, एकाने बघायला आलेल्या बाईचं मनगट मोडलं. शेवटी एक झेलला गेला, हेच नशीब! १९८२नंतर व्यावसायिक पुरुष सॉफ्टबॉल हा प्रकारच तिथे उरला नाही. इलिच यांचं मात्र काही बिघडलं नाही. त्यांनी १९८२ साली आइस हॉकीचा संघ घेतला आणि १९९२ साली खुद्द डेट्रॉइटचा बेसबॉल संघ.

मालक पुढे गेला, खेळाडू घरी गेले आणि शहराकडे काय राहिलं? हा प्रश्न घेऊन पुण्यात यायचं आहे.

पुण्याच्या नावावर किती संघ निघाले आणि किती मिटले, याची मोजदाद सुरू केली की एका हाताची बोटं पुरत नाहीत. क्रिकेटचे दोन: पुणे वॉरियर्स इंडिया आणि रायझिंग पुणे सुपरजायंट्स. फुटबॉलचे चार: पुणे एफसी, भारत एफसी, डीएसके शिवाजियन्स, एफसी पुणे सिटी. हॉकीचा पुणे स्ट्रायकर्स. हे सगळे २००७ ते २०१९ या अवधीत आले किंवा नावारूपाला आले, आणि याच अवधीत गेलेही. २०१५च्या वसंतात तर पुणे शहरात फुटबॉलचे चार व्यावसायिक संघ एकाच वेळी नांदत होते. त्यांतले पुणे एफसी आणि भारत एफसी एकाच राष्ट्रीय लीगमध्ये, आय-लीगमध्ये, होते. चार वर्षांनी चारांपैकी एकही शिल्लक नव्हता.

हे का झालं असावं? चहाच्या टपरीवर विचारलं तर पहिलं उत्तर तयार असतं. हरत होते, म्हणून बुडाले.

पुणे वॉरियर्सकडे बघून हे पटतं खरं. २१ मार्च २०१० रोजी सहारा समूहाने आयपीएलमधला हा संघ सुमारे १,७०२ कोटी रुपयांना घेतला. दोन वर्षांपूर्वी सर्वांत महाग विकला गेलेला संघ मुंबईचा होता. पुण्याची किंमत त्याच्या तिपटीहून जास्त. सोबत विकल्या गेलेल्या कोचीची आणि पुण्याची किंमत एकत्र केली, तर २००८च्या आठही संघांच्या एकूण किमतीच्या जवळ जाते. (कोचीचा संघ एकच हंगाम खेळला.) एवढा पैसा ओतून मैदानात काय उतरलं? २०११ साली दहांत नववा क्रमांक. २०१२ साली नवांत नववा. २०१३ साली नवांत आठवा. तिन्ही हंगामांत विजय चार, चार आणि पुन्हा चार, इतकी सातत्यपूर्ण कामगिरी! २३ एप्रिल २०१३ रोजी बंगळुरूत ख्रिस गेलने ६६ चेंडूंत नाबाद १७५ धावा ठोकल्या, तेव्हा चेंडू टाकणारे पुण्याचेच होते. कर्णधारपदही फिरतं राहिलं. युवराज सिंग, मग तो कर्करोगाच्या उपचारांसाठी गेल्यावर सौरव गांगुली. तिसऱ्या हंगामात अँजेलो मॅथ्यूज, रॉस टेलर आणि अॅरन फिंच, तिघे एकाच हंगामात.

पण रायझिंग पुणेला हे उत्तर लावून बघा. २०१६ साली सातवे, हे मान्य. २०१७ साली मात्र स्टीव्ह स्मिथच्या नेतृत्वाखाली हा संघ साखळीत दुसरा आला. मुंबईला त्याने त्या हंगामात तीनदा हरवलं आणि २१ मे रोजी हैदराबादेत अंतिम सामना खेळला. १३० धावा करायच्या होत्या, १२८ झाल्या. एका धावेने हरले. जयदेव उनाडकटने हंगामात २४ बळी घेतले. महाराष्ट्राच्या रणजी संघातला राहुल त्रिपाठी अवघ्या दहा लाखांत घेतला होता, त्याने ३९१ धावा केल्या. आता सांगा, एका धावेने विजेतेपद हुकलेल्या संघाचं पुढच्या वर्षी काय झालं? तो नव्हताच. जिंकला असता तरी नसता, कारण त्याचा करारच दोन वर्षांचा होता. पुणे एफसी २०१२-१३च्या आय-लीगमध्ये उपविजेता होता. दोन वर्षांत बंद झाला. पुणे स्ट्रायकर्स २०१२च्या वर्ल्ड सिरीज हॉकीत अंतिम सामना खेळले, शेर-ए-पंजाबकडून हरले. त्या लीगचा दुसरा हंगामच झाला नाही, म्हणजे उपविजेत्यांसोबत विजेतेही बुडाले. डेट्रॉइटचे सीझर्स तर लागोपाठ दोनदा जिंकून बंद पडले.

तेव्हा हरण्याचा आरोप सोडून द्यावा लागतो.

मग दुसरं उत्तर येतं: पुणेकर येत नव्हते. पुणेकरांवर आरोप करायला विदर्भात कुणालाही आवडतं, त्यामुळे हे उत्तर टाळ्या घेणारं आहे. पण प्रेक्षकांना यायला वाव किती दिला होता, तेही बघायला हवं.

वॉरियर्सचा पहिला हंगाम आठवा. संघाचं नाव पुणे. घरचं मैदान नवी मुंबईतलं, कारण गहुंजेचं बांधकाम पुरं झालं नव्हतं. दुसऱ्या वर्षी, ८ एप्रिल २०१२ला गहुंजेत पहिला आयपीएल सामना झाला. गहुंजे शहरात नाही. द्रुतगती मार्गालगत, मावळात आहे. स्वारगेटजवळच्या नेहरू स्टेडियमवर १९९६च्या विश्वचषकात केनियाने वेस्ट इंडीजला ९३ धावांत गुंडाळलं होतं. तिथे पुणेकर रिक्षाने, सायकलने जाऊ शकत होता. गहुंजेला जायला आणि मुख्य म्हणजे रात्री बाराला परत यायला स्वतःची गाडी हवी. बालेवाडीचं क्रीडासंकुल १९९४च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभं राहिलं, तेव्हा तेही शहराबाहेर होतं. फुटबॉलचे संघ तिथे खेळले. या सगळ्यांच्या आधी, २००५ साली, प्रीमियर हॉकी लीगमध्ये ‘मराठा वॉरियर्स’ नावाचा संघ होता. त्या वर्षी सगळी लीग हैदराबादच्या एकाच मैदानावर खेळवली गेली! मराठ्यांचं नाव, मुक्काम भागानगरीत. टीव्हीवर दिसला की झालं, अशी समजूत.

आणि २०१६चा उन्हाळा. हा भाग इथे जरा थांबून सांगायला हवा, कारण तो इथल्या माणसाला पुणेकरापेक्षा लवकर कळेल. त्या वर्षी मराठवाडा आणि विदर्भ दोन्ही होरपळत होते. मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं. पहिली गाडी १२ एप्रिलला पोचली. दुसऱ्याच दिवशी मुंबई उच्च न्यायालयाने आदेश दिला की ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर न्यावेत. एका जनहित याचिकेत मैदानांवर मारल्या जाणाऱ्या लाखो लिटर पाण्याचा हिशेब मागितला गेला होता. मैदानासाठी पिण्याचं पाणी वापरणार नाही, प्रक्रिया केलेलं सांडपाणी वापरू, असं संयोजक सांगत होते. न्यायालयाने ते पुरेसं मानलं नाही. नागपूरजवळच्या जामठ्याचे सामने हलले, मुंबईतला अंतिम सामना बंगळुरूला गेला आणि रायझिंग पुणेचं घर विशाखापट्टणमला. पहिल्याच हंगामाच्या मध्यावर पुण्याचा संघ आंध्रच्या किनाऱ्यावर ‘घरचे’ सामने खेळू लागला.

निर्णय बरोबर की चूक, यावर तेव्हा खूप वाद झाला. सामने हलवून लातूरला एक थेंबही जास्त मिळाला नाही, असं एक बाजू म्हणे. पाण्यासाठी रांगा लागल्या असताना हिरवळीवर फवारे उडवणं हाच उर्मटपणा आहे, असं दुसरी. दुसऱ्या बाजूचं म्हणणं जास्त वजनाचं होतं. पण त्या वादात एक गोष्ट कुणाच्या फारशी लक्षात आली नाही. संघ पुण्यातून गेला आणि पुण्यात कुणी हळहळलं नाही. मोर्चा नाही, पाठोपाठ जाणारी माणसं नाहीत.

त्याच्याशेजारी २०१८ ठेवा. कावेरीच्या पाण्यावरून तमिळनाडूत आंदोलन पेटलं आणि चेन्नई सुपर किंग्जला चेन्नईतून हलावं लागलं. त्यांनी घर कुठे केलं? गहुंजेत. पहिल्या सामन्याला चेन्नईहून एक खास रेल्वेगाडी भरून पिवळ्या जर्सीतली माणसं आली. त्याच खुर्च्या, तोच द्रुतगती मार्ग, तीच रात्रीची पंचाईत. तरीही स्टेडियम पिवळं. म्हणजे गहुंजेची गैरसोय खरी असली तरी ती सगळं सांगत नाही. आठ हंगाम एकच नाव, एकच रंग आणि बहुतेक काळ एकच कर्णधार पाहिलेली माणसं एक हजार किलोमीटर येतात. तीन हंगामांत पाच कर्णधार पाहिलेली माणसं मावळापर्यंतही जात नाहीत. ५ मे २०१२ला कोलकात्यात पुणे वॉरियर्स खेळले, तेव्हा ईडन गार्डन्सचे अर्धे प्रेक्षक पुण्याच्या बाजूने ओरडत होते. पुण्याला एवढा पाठिंबा पुण्यात क्वचित मिळाला असेल. अर्थात तो गांगुलीसाठी होता.

आता तिसरं उत्तर, आणि ते कागदावर आहे.

व्यावसायिक संघ विकत घेणारा नेमकं काय विकत घेतो? मैदान नाही, ते राज्य संघटनेचं किंवा सरकारचं. खेळाडूही नाहीत, ते ठरावीक वर्षांसाठी लिलावातून येतात. त्याला मिळतो तो एका लीगमध्ये, एका शहराचं नाव लावून, अमुक वर्षं खेळण्याचा हक्क. हा करार मालक आणि लीग यांच्यात होतो. मंगल कार्यालय तारखेपुरतं घ्यावं, तसं शहराचं नाव घेतलं जातं. महापालिका त्यात पक्षकार नसते, जिल्हा संघटना नसते, प्रेक्षक तर नसतातच. म्हणून दोघांचं बिनसलं की तिसऱ्याला कुणी विचारत नाही.

सहाराचं बिनसलं ते असं. बोली लावताना जास्त सामन्यांचा हिशेब धरला होता, प्रत्यक्षात कमी झाले, म्हणून शुल्क कमी करा, अशी त्यांची मागणी होती. भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने ऐकलं नाही. मे २०१३मध्ये मंडळाने बँक हमीची रक्कम वटवली आणि सहाराने संघ मागे घेतल्याचं जाहीर केलं. ऑक्टोबरमध्ये मंडळाने करार रद्द केला. या साऱ्यात पुणे शहर कुठे होतं? गहुंजेच्या स्टेडियमला काही काळ सुब्रत रॉय सहारा यांचं नाव होतं, तेही पुढे काढलं गेलं.

रायझिंग पुणेचा कागद तर याहून विलक्षण. स्पॉट फिक्सिंग आणि सट्टेबाजीच्या प्रकरणात चेन्नई आणि राजस्थान यांना दोन वर्षांची बंदी झाली होती. त्यांच्या जागा भरायच्या होत्या. त्यासाठी उलटी बोली लागली. संजीव गोयंका यांच्या कंपनीने उणे सोळा कोटी अशी बोली लावली. म्हणजे मंडळाकडून मिळणारा मध्यवर्ती उत्पन्नातला वाटा सोडायचा आणि वर दरवर्षी सोळा कोटी मंडळालाच द्यायचे. असा संघ दोन वर्षांत कमावणार काय आणि रुजणार काय? गोयंकांना त्यातून लीगमध्ये पाऊल टाकायला मिळालं, आणि व्यापारी म्हणून त्यांचं गणित चुकलं नाही. २०२१ साली त्यांनी ७,०९० कोटींना लखनऊचा संघ घेतला आणि नाव ठेवलं सुपर जायंट्स. दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनच्या संघालाही तेच नाव लागलं. पुणे गळलं, बाकी नाव चालू आहे.

फुटबॉलचा हिशेब वेगळा आणि जास्त दुःखाचा. पुणे एफसी २००७ साली अशोक पिरामल समूहाने काढला, खालच्या विभागातून वर आणला, मुलांसाठी अकादमी चालवली. हा शहरातला सर्वांत गंभीरपणे बांधलेला संघ होता, असं म्हणायला हरकत नाही. पण २०१४ साली इंडियन सुपर लीग आली. टीव्ही, सिनेनट आणि जाहिरातदार तिकडे गेले, आणि आय-लीगचे संघ खर्च भागवायचा कसा, या विवंचनेत पडले. त्याच शहरात नव्या लीगचा एफसी पुणे सिटी उभा राहिला. वाधवान कुटुंबाचा पैसा, हृतिक रोशनचं नाव, इटलीतल्या फिओरेंतीनाची भागीदारी. पुणे एफसीचा मुख्य संघ २०१५ साली बंद झाला. भारत एफसी त्याच वर्षी आला, तळाला राहिला आणि त्याच वर्षी गेला. डीएसके शिवाजियन्स हा १९८७पासूनच्या स्थानिक क्लबाचा वारसा सांगणारा संघ होता, लिव्हरपूलच्या अकादमीशी त्याचा करार होता. २०१७मध्ये तो थांबला. मागचा उद्योगसमूहच आर्थिक अडचणीत होता. एफसी पुणे सिटी २०१७-१८ला उपांत्य फेरीत पोचला. २०१९मध्ये मालकांचे हात आखडले आणि लीगमधली त्याची जागा हैदराबादला गेली. हैदराबादने तीन वर्षांच्या आत लीग जिंकली.

एवढ्यावर कुणी म्हणेल, पुणेरी पलटणचं काय? रास्त प्रश्न आहे. कबड्डीचा हा संघही फ्रँचायझीच. २०१४पासून तो चालू आहे आणि १ मार्च २०२४ला हरियाणाला हरवून त्याने पहिलं विजेतेपद घेतलं. कर्णधार होता तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार. पलटण टिकली, याची कारणं साधी आहेत. कबड्डीचा खर्च क्रिकेटच्या पासंगाला पुरत नाही. लीग चालवणाऱ्या कंपनीत टीव्ही वाहिनीचाच मोठा हिस्सा असल्याने दरवर्षी प्रक्षेपणाची चिंता नाही. आणि हारजितीची पर्वा न करता मालक थांबले. पण ‘मालक थांबले’ यावरच सगळं अवलंबून असेल, तर उद्या ते निघाले की काय, हा प्रश्न तिथेही उरतोच.

मालकच नसलेला संघ असू शकतो का? अमेरिकेतल्या ग्रीन बे या गावाचं उदाहरण यवतमाळसाठी मुद्दाम घेतो आहोत, कारण वस्तीच्या मानाने दोन्ही गावं छोटीच. तिथला पॅकर्स हा अमेरिकन फुटबॉलचा संघ १९१९ साली मांस डबाबंद करणाऱ्या कंपनीने दिलेल्या पैशांतून कपडे घेऊन उभा राहिला. तोही बुडायच्या बेतात आला. तेव्हा, १९२३ साली, गावातल्या लोकांनी ना-नफा तत्त्वावर त्याचे भाग विकले. आज त्याचे पाच लाखांहून जास्त भागधारक आहेत. लाभांश मिळत नाही, भाग नफ्यात विकता येत नाही, आणि कुणा एकाला संघ बळकावता येऊ नये म्हणून भागांवर कमाल मर्यादा आहे. न्यूयॉर्क-शिकागोच्या धनाढ्य मालकांच्या लीगमध्ये हे छोटं गाव शंभर वर्षं खेळतं आहे. गंमत म्हणजे त्या लीगला आता असा दुसरा संघ नको आहे. नव्याने येणाऱ्याला एक मुख्य मालक असावाच लागतो.

लोकांची मालकी ही कल्पना महाराष्ट्राला परकी नाही. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४पासून उभं आहे. १९३६च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी तिथल्या मुलांनी जर्मनीत भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं केली. संस्था नोंदलेली, कार्यकारिणी निवडलेली, मैदान आपलं. अशा संस्थांमध्ये भांडणं होतात, निवडणुकीत कोर्टकचेऱ्या होतात, पण एखाद्या कंपनीचा ताळेबंद बिघडला म्हणून ती रातोरात हैदराबादला जात नाही. व्यावसायिक संघ मात्र अशा संस्थेच्या हाती देऊन बघण्याचा प्रयत्न पुण्यात झाला नाही.

आणि हा प्रश्न पुण्यापुरता नाही. तालुक्या-तालुक्यात आज आमदार चषक, खासदार चषक चालतात. टेनिस बॉलच्या त्या स्पर्धांतही आता लिलाव होतो, संघमालक असतो, गावाच्या नावापुढे ‘टायगर्स’ लागतं, आणि चार रात्रींत सगळं आटोपतं. २०२५ साली विदर्भ क्रिकेट संघटनेने नागपुरात प्रो टी-ट्वेंटी लीगही सुरू केली. तीन वेळा रणजी करंडक जिंकलेल्या विदर्भात खेळाडूंची वाण नाही. या लीगच्या संघांचे करार किती वर्षांचे, जिल्ह्यांचा त्यात काही वाटा आहे का, मुलांचे वयोगटाचे संघ कोण चालवणार, हे जिल्हा संघटनांनी आत्ताच विचारून घ्यावं. पुण्यात संघ गेल्यावर विचारलं गेलं.

पुण्याकडे काय राहिलं, हे सांगायचं राहून गेलं. थोडं राहिलं आहे. पुणे एफसीची अकादमी २०१६ साली एफसी पुणे सिटीने घेतली. त्या अकादमीत वाढलेला केरळच्या मलप्पुरमचा आशिक कुरुनियन पुढे भारतीय संघात गेला. दहा लाखांच्या राहुल त्रिपाठीला पुढच्याच लिलावात राजस्थानने ३ कोटी ४० लाख दिले. ५ जानेवारी २०२३ रोजी तो भारताकडून पहिला आंतरराष्ट्रीय सामना खेळला, श्रीलंकेविरुद्ध, गहुंजेच्या मैदानावर. पाच धावा करून बाद झाला आणि भारत तो सामना हरला. पण त्या मालिकेतल्या पुढच्याच सामन्यात त्याने सोळा चेंडूंत पस्तीस धावा काढल्या.